गड्याच्या बोटांवरचे फोड आणि लम्पीची गाय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन संकरित गायींना लम्पी, म्हणजे अंगभर गाठी आणणारा गुरांचा रोग, झाला आहे. त्यांची धार काढणाऱ्या गड्याच्या बोटांवर फोड उठले, त्याला कणकणही आली, आणि आता गावात ‘लम्पी माणसात आला’ अशी बोंब आहे. घरात सून पाच महिन्यांची गरोदर आहे, आणि दोन वर्षांची नात याच गोठ्यातलं दूध पिते. दूध बंद करू का, गायी विकून टाकू का, असं तुम्ही विचारता. आणि शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ: ‘म्हशीला काही नाही, तिच्या सडांवर नुसत्या चार पुटकुळ्या आहेत.’

मला सगळ्यात जास्त रस त्या शेवटच्या ओळीत आहे. पण आधी लम्पीचं मिटवू.

लम्पी माणसाला होत नाही. ‘सहसा होत नाही’ असं मी म्हणत नाही, होत नाही असंच म्हणतो. हा रोग पहिल्यांदा १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात नोंदला गेला. तिथून मध्यपूर्व, तुर्कस्तान, बाल्कन अशी मजल मारत तो २०१९ मध्ये बांगलादेशात आणि ओडिशात पोचला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात आजारी जनावरं सापडली आणि दिवाळीपर्यंत राज्यात गोठ्या-गोठ्यात गाठींची भाषा सुरू झाली. देशात त्या साथीत दीड लाखांहून जास्त जनावरं गेली. या प्रत्येक जनावराला कोणाचे ना कोणाचे हात लागलेच होते. कोणी धार काढली, कोणी फुटलेल्या गाठी धुतल्या, कोणी त्यातल्या अळ्या चिमट्याने उचलल्या, कोणी आठ फुटांचा खड्डा खणून चुना टाकून जनावर पुरलं. त्या पावसाळ्यात माझे हातमोजे दुपारपर्यंत संपायचे आणि उरलेला दिवस मी उघड्या हातांनी काम करायचो. इतक्या सगळ्या हातांपैकी कोणाला लम्पी झाल्याची खात्रीची नोंद नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनाही त्याला जनावरांपुरताच रोग मानते.

‘पण गायीला चावलेला डास मलाही चावतोच की,’ असं मला शेकडो वेळा विचारलं गेलंय. चावतो. चावणारी गोठ्यातली माशी, डास, गोचीड हेच लम्पीचे मुख्य वाहक आहेत, आणि अशा चाव्यातून विषाणूचे काही कण तुमच्या कातडीत जातही असतील. देवीच्या घराण्यातले विषाणू पेशीत शिरायच्या बाबतीत फारसे चोखंदळ नसतात. त्यांची खरी परीक्षा आत गेल्यावर सुरू होते. शिरकाव झालेली पेशी लगेच शेजारच्या पेशींना सावध करते. या राखणदाराचं तोंड बंद करणारी प्रथिनं विषाणूला लागतात, आणि ती त्या त्या जनावराच्या मापाने बेतलेली असतात. लम्पीच्या विषाणूकडची प्रथिनं गायीच्या मापाची आहेत. माणसाच्या पेशीत तो पाय रोवू शकत नाही, तिथेच संपतो.

गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे, ते नावाचं. देवीच्या आडनावाखाली बरीच घराणी राहतात. लम्पी, मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी हे कॅप्रिपॉक्स घराण्यातले. इतके सख्खे की २०२२ मध्ये आपण शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली आणि तिने बऱ्यापैकी काम केलं. माणसाची देवी, गायीची ती जुनी देवी (जिच्यावरून जेनरने पहिली लस शोधली), मंकीपॉक्स आणि म्हशीची देवी हे ऑर्थोपॉक्स घराण्यातले. या दुसऱ्या घराण्याला माणूस वर्ज्य नाही. त्यातून २०२२ च्या जुलैमध्ये केरळात मंकीपॉक्सचा देशातला पहिला रुग्ण सापडला, त्याच महिन्यात गुजरात-राजस्थानातल्या मेलेल्या गायींचे फोटो फिरत होते. दोन्हींत अंगभर गाठी. मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी चिकटवून एकच बातमी करायला कितीसा वेळ लागतो?

आता म्हशीकडे या.

तुमच्या गड्याला फोड नेमके कुठे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. मी अंदाज करतो: उजव्या अंगठ्याच्या सांध्यावर, पहिल्या बोटाच्या आतल्या कडेला, कदाचित तळहाताच्या वरच्या बाजूला. आपल्याकडे बरेच जण अंगठा दुमडून धार काढतात, आणि सड दाबला जातो तो नेमका त्या दुमडलेल्या सांध्यावर. फोड आधी लाल डागासारखा असतो, मग पाणी भरतं, मग मधोमध खळगा पडून कडा उंच होतात आणि वर काळपट खपली धरते. काखेत अवधान येतं, म्हणजे गाठ सुजते, हात जड होतो, दोन-तीन दिवस ताप. माझा अंदाज बरोबर निघाला तर ही लम्पी नाही, म्हशीची देवी आहे, आणि ती त्या ‘काही नाही’ झालेल्या म्हशीकडून आली आहे. गड्याने सकाळी तिन्ही जनावरं पिळली. गावाने मात्र भयंकर दिसणारं जनावर पाहिलं आणि त्याच्यावर आळ घेतला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या २१ गावांत १६६ माणसांना म्हशीची देवी झाल्याचं नोंदलं गेलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासण्या केल्या होत्या. म्हशींच्या सडांवर, कासेवर, कानांवर, पापण्यांवर फोड आणि माणसांच्या हातांवर तसेच फोड. मीही त्या काळात अशा गोठ्यांतून फिरलोय. एका घरात म्हातारी आणि तिचा नातू असे दोघं एकाच म्हशीच्या धारेला आलटून पालटून बसत. नातवाचे दोन्ही हात फोडांनी भरलेले, म्हातारीच्या हातावर एक डाग नाही. म्हातारीने पदर सरकवून दंड दाखवला. देवी काढल्याचे दोन गोल वण.

त्या वणांतच सगळं आहे. आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं आणि टोचणी थांबली. ते योग्यच झालं. पण त्या लसीने माणसाच्या देवीबरोबर तिच्या सगळ्या चुलत भावंडांनाही अडवून धरलं होतं. आज चाळिशीच्या आतल्या कुठल्याही गवळ्याच्या दंडावर तो वण नाही. म्हशीच्या देवीचा विषाणू तर त्या लसीत वापरलेल्या व्हॅक्सिनिया विषाणूचा अगदी जवळचा नातलग आहे.

एक आडवळण घेतो. २००४-०५ च्या सुमारास पाकिस्तानात कराचीमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत म्हशीची देवी पसरली होती. शोध घेता संशय गेला भाजल्याबरोबर जखमेवर प्रथमोपचार म्हणून थापलेल्या म्हशीच्या चरबीवर. आपल्याकडे चरबी लावत नाहीत, पण भाजल्यावर घरचं लोणी थापणारी माणसं मी आजही पाहतो. तूप निदान कढवलेलं तरी असतं. भाजलेल्या जागेवर नळाचं पाणी सोडावं, दुसरं काही नको.

म्हशीची देवी माणसाच्या जिवावर सहसा उठत नाही. दोन ते चार आठवड्यांत खपल्या पडतात. त्रास होतो तो फोड खाजवून त्यात पू झाला तर, किंवा तोच हात डोळ्याला लागला तर. गड्याला डॉक्टरकडे पाठवा आणि ‘मी म्हशीची धार काढतो, तिच्या सडांवर फोड आहेत’ हे वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. नाहीतर डॉक्टर त्याला कांजिण्या किंवा नागीण समजून औषध देतील. तसा सडांवरून हातावर येणारा दुसराही एक आजार आहे, त्यात धारकऱ्याच्या बोटावर एकच टणक गाठ येते, दुखत नाही. मेंढ्या-शेळ्यांच्या तोंडाला होणारा मावासुद्धा हातावर असाच उतरतो. फोडातलं पाणी आणि खपली तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, म्हणून माझं म्हणणं अंदाज समजा. पण सूनबाईंना आणि नातीला त्या म्हशीच्या आसपास फिरकू देऊ नका, आणि गड्याचा टॉवेल वेगळा ठेवा.

दुधाचं. लम्पी झालेल्या गायीच्या दुधात विषाणू सापडू शकतो, पण तो तुमचं काही बिघडवत नाही आणि उकळीत टिकतही नाही. ६५ अंशांवर अर्धा तास धरला तरी मरतो, तुम्ही तर दूध वर येईपर्यंत तापवता. म्हशीचं दूधही उकळलं की प्रश्न नाही. धोका आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि त्याबद्दल मला कोणीच विचारत नाही: गायीला दिलेल्या औषधांचा. लम्पीत विषाणूवर औषध नाही. वरून होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गासाठी आम्ही प्रतिजैविकं देतो, तापावर सुया देतो, जखमेत अळ्या पडल्या किंवा गोचीड फार झाले तर कोणीतरी आयव्हरमेक्टिन टोचून जातं. हे सगळं दुधात उतरतं. बाटलीवर दूध वर्ज्य करायचे दिवस छापलेले असतात, तेवढे दिवस ते दूध घरातही नको आणि डेअरीलाही नको. आयव्हरमेक्टिन दुभत्या गायीला टोचूच नये. उपचार करणाऱ्याला सरळ विचारा, ‘साहेब, दूध किती दिवस ओतायचं?’ उत्तर टाळलं तर बाटली मागून घ्या आणि स्वतः वाचा. नातीसाठी तोपर्यंत निरोगी जनावराचं किंवा पिशवीचं दूध आणा. आणि उकळल्याशिवाय काही नको, गायीचं सडावरून थेट तोंडात घेतलेलं धारोष्णही नको. धारोष्णाचं कौतुक मी लहानपणी खूप ऐकलंय, पितही होतो. कच्च्या दुधातून येणाऱ्या एका रोगाची किंमत मात्र मी दुसऱ्याच वाटेने मोजली, ती सांगतो.

ब्रुसेला. हा विषाणू नाही, जिवाणू आहे, म्हणून तुमच्या प्रश्नात बसत नाही. पण सून गरोदर आहे म्हणून बसवतो. सात-आठ महिन्यांची गाभण गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, पण वार (गर्भाचं वेष्टण) पडत नाही, आणि घरातलं कोणीतरी किंवा माझ्यासारखा डॉक्टर हात घालून वार काढतो. मी तरुणपणी खांद्यापर्यंतचे मोजे न घालता अशा कितीतरी वारा काढल्या. मग रोज संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे गादी घामाने भिजायची, कंबर धरायची. तीन महिने टायफॉइड समजून औषधं चालली. निदान झालं तेव्हा दोन औषधं सहा आठवडे घ्यावी लागली, आणि सांधे आजही पावसाळ्यात आठवण करून देतात. तुमच्या सूनबाईंनी गाभडलेल्या जनावराजवळ, पडलेल्या वारेजवळ, त्या जागेच्या झाडलोटीला अजिबात जाऊ नये. ही एक गोष्ट मी लम्पीच्या दहापट गांभीर्याने सांगतोय.

मग विषाणूंपैकी खरोखर भीती धरावी असे कोण? माझ्या यादीत पहिला रेबीज. कुत्र्याचा रोग म्हणून आपण तो गोठ्याबाहेर ठेवतो, आणि तिथेच फसतो. एका वस्तीवरून फोन आला, म्हैस चारा खात नाही, लाळ गळतेय, घशात काहीतरी अडकलंय. मी पोचेपर्यंत आधी मालकाने, मग त्याच्या मेहुण्याने, मग शेजाऱ्याने तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून पाहिला होता. म्हैस ओरडली, आवाज फुटका, घोगरा, मध्येच तुटणारा. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मी म्हशीकडे गेलोच नाही. तिघांना हौदावर नेलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने हात धुवायला लावले. मनगटांवर दातांचे बारीक ओरखडे होते. तसंच गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे जखमांभोवती प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन आणि लसीचा पहिला डोस झाला, पुढचे ठरल्या दिवशी. म्हैस चौथ्या दिवशी गेली, तिघंही धडधाकट आहेत. लाळ गाळणाऱ्या, चारा सोडलेल्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. खरंच ऊस किंवा आंब्याची कोय अडकली असेल तर ते काढायला आम्ही आहोत.

दुसरा गोचिडांमधून येणारा क्रायमियन-काँगो ताप. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत अहमदाबादजवळ त्याचे देशातले पहिले रुग्ण निघाले, आणि रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांपैकी डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला होता. यात गाय आजारी दिसतच नाही, हीच मेख आहे. विषाणू तिच्या रक्तात काही दिवस असतो, गोचिडात मुक्काम करतो आणि माणसाला मात्र रक्तस्रावापर्यंत नेतो. आपल्या बायाबापड्या गायीचे गोचीड उपटून दोन नखांत फोडतात, ‘टच्’ असा आवाज येईपर्यंत. ते थांबवा. चिमट्याने काढा आणि रॉकेलच्या डबीत टाका.

लाळ्या-खुरकूत माणसात येत नाही म्हटलं तरी चालेल, इतकं ते दुर्मीळ आहे. लहान मुलांच्या हाता-पायांना आणि तोंडात फोड येतात तो आजार वेगळ्याच विषाणूचा आहे. दोन्हींच्या इंग्रजी नावांत पाय आणि तोंड आल्यामुळे शहरातल्या आया घाबरून मला फोन करतात.

तुमचे चिरंजीव विचारतील (तरुण पोरं विचारतातच), की आज लम्पी माणसात येत नाही, पण उद्या विषाणू बदलला तर? प्रश्न बावळट नाही. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेक्सास आणि कॅन्ससच्या दुभत्या गायींत बर्ड फ्लूचा एच-५-एन-१ विषाणू सापडला. नवापूरला २००६ मध्ये आपण ज्याच्यासाठी लाखो कोंबड्या मारल्या, त्याच जातकुळीचा. गायीच्या कासेत त्याला राहायला जागा मिळाली, दूध घट्ट पिवळं झालं, यंत्राच्या कपांतून तो एका गायीकडून दुसरीकडे गेला, आणि गोठ्यातल्या कामगारांचे डोळे आले. कच्चं दूध प्यायलेली मांजरं मेली. पाश्चरायझेशन केलेल्या दुधातून मात्र कोणाला लागण झाली नाही. पण फ्लूचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू यांची तुलना म्हणजे सरडा आणि कासव. फ्लूचा आरएनए विषाणू प्रत्येक नकलेत चुका करतो, आठ तुकड्यांची अदलाबदल करतो. लम्पीचा मोठा डीएनए विषाणू आपल्या चुका बऱ्याच अंशी दुरुस्त करत चालतो. रशिया-चीनकडे लसीच्या आणि रानटी विषाणूच्या सरमिसळीतून त्याचे नवे प्रकार निघाले, तेही गायींतच राहिले. पाळत माझ्या मते फ्लूवर ठेवावी. लम्पीवर रात्रीची झोप घालवायची ती गायीसाठी, स्वतःसाठी नाही.

आता उद्या सकाळचं. गायी विकू नका. आजारी जनावर बाजारात नेणं कायद्याने गुन्हा आहे, आणि आत्ता त्यांना मातीमोल भाव येईल. रोगाची खबर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात देणंही कायद्याने तुमच्याकडे येतं. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन लावला तरी चालेल. खबर देताना म्हशीच्या सडांचंही सांगा, फक्त लम्पीचं सांगून फोन ठेवू नका. गायी वेगळ्या बांधा, मच्छरदाणी किंवा निदान संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करा, शेणाचा ढीग गोठ्यापासून हलवा. धार काढताना निरोगी जनावर आधी, लम्पीच्या गायी मग, म्हैस सगळ्यात शेवटी. म्हशीचे सड लाल पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या, खताच्या नव्हे) फिक्या गुलाबी पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे, मलम लावायचं, आणि कास तापली किंवा दुधात गुठळी आली तर त्याच दिवशी कळवायचं. म्हशीचं पारडू पीत असेल तर त्याचं तोंड उघडून हिरड्या आणि ओठ पाहा.

गड्याला खपल्या पडेपर्यंत धारेला बसवू नका, आणि त्याचे दिवस कापू नका. कापले तर तो बोटांना चिंधी बांधून पहाटे पाचला पुन्हा म्हशीखाली बसलेला असेल, आणि तुम्हाला कळणारही नाही.